नाव विचारायचं, सांगायचं नाही

अगं मृदे, हातातलं सगळं खाली ठेव आणि ऐक. गॅसवर काही असेल तर बंद कर. आज आमच्या क्लिनिकमध्ये जे झालंय ना, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवणच जाणार नाही.

तुझे बाबा रविवारी पेपरातली गोष्ट मोठ्यांदा वाचायचे, आठवतंय? 'एकदा एक वृद्ध गुरू आपल्या शिष्यासह चालले होते...' मग गुरू काहीतरी विचित्र करणार, शिष्य गोंधळणार, शेवटी गुरू चार वाक्यं बोलणार आणि शिष्याचे डोळे खाडकन उघडणार. आपण दोघी मागे बसून तोंड दाबून हसायचो. तर आज तो शिष्य मी होते. हसू नकोस.

तर एकदा एक वृद्ध विदुषी होत्या. एकदा म्हणजे आज सकाळी, साडेदहाला, इथे सोलापुरात. आमच्या धारूरकर मॅडम. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट. टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द लोक कुजबुजत बोलायचे तेव्हापासून त्या लॅबमध्ये आहेत. रोज सकाळी दारात उभ्या राहून सगळ्या स्टाफचा वास घेतात. खरंच गं! सेंट, अत्तर, सुगंधी तेल, काही म्हणजे काही चालत नाही, आत वाढणाऱ्या गर्भाला ते सोसत नाही म्हणून. मला पहिल्याच आठवड्यात शांपूपायी घरी परत पाठवलं होतं. डॉक्टर प्रणिता, म्हणजे क्लिनिकच्या मालकीणबाई, त्यासुद्धा दारात मान पुढे करून उभ्या राहतात, शाळेत नखं दाखवतात तशा.

आणि मी त्यांच्या हाताखाली. दीड वर्ष झालं. माझं काम मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. तुला खोटं वाटेल, पण इथे येणाऱ्या बायकांचे चेहरे मला नीटसे माहीतच नसतात. त्यांची बीजं मला पाठ असतात.

पुढचं कळायला आधी एवढं लक्षात घे. लॅबमध्ये तयार झालेला गर्भ बाईच्या पोटात सोडतात, त्याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. पाच मिनिटांचं काम, फारसं दुखत नाही. पण त्याआधी बाईने तांब्याभर पाणी पिऊन लघवी दाबून धरायची असते, म्हणजे सोनोग्राफीत आतलं स्पष्ट दिसतं. आणि टेबलावर आल्यावर तिने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं, नवऱ्याच्या नावासकट. मी ते फाइलमध्ये बघायचं. ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, आणि लॅबच्या मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे, तिथे मॅडम उभ्या असतात, त्यांनी आपल्या यादीत बघायचं. दोघींचं जुळलं की मनगटाला नावाची पट्टी बांधायची, आणि मगच ज्यात तो गर्भ ठेवलेला असतो त्या इनक्युबेटरचं दार उघडायचं. खिडकीवर मॅडमच्या अक्षरात पाटी आहे. 'नाव विचारायचं, सांगायचं नाही.'

मला ती पाटी जरा खडूसच वाटायची. बघ ना, बाई आधीच घाबरलेली. आठ-आठ वर्षं वाट बघून, दोन-तीन ठिकाणी अपयश घेऊन आलेली. तिला थंडगार खोलीत आडवं करायचं आणि पोलिसासारखं 'नाव काय?' विचारायचं? मॅडम तीन आठवडे मुलीकडे गेल्या होत्या ना, तेव्हा मी माझी पद्धत सुरू केली. फाइल बघून मीच गोड आवाजात म्हणायचे, "या या, अमुकताई, तमुकरावांच्या मिसेस ना तुम्ही?" की बाई हसून मान हलवणार. काम झटपट, बाई खूश. मला तर 'हसरी मॅडम' म्हणायला लागले होते सगळे. मी हवेत!

(नावं मी बदलून सांगतेय हं. नावाचीच गोष्ट आणि नावंच खोटी. पण इथे ती शिस्त पाळली नाही तर मला शांपूशिवायही घरी पाठवतील.)

तर आज मॅडम परत आल्या. दिवसाला पाचच ट्रान्सफर, सहावी घ्यायचीच नाही असा त्यांचा नियम. तिसरा नंबर कोळेकर. शकिला सिस्टरनी हॉलमध्ये हाक मारली, "कोळेकर!" आणि एक बारीकशी बाई आत आली. सांगोल्याकडच्या खेड्यातली. हिरवा गाऊन, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, नुसते डोळे दिसत होते. टेबलाची कड तिने अशी धरली होती की बोटं पांढरी पडलेली.

मी आपली सुरू. "या रंजनाताई, घाबरू नका, झोपा आरामात."

मान हलली.

"मिस्टरांचं नाव सांगता ना?"

ती हळूच म्हणाली, "आमच्यात नाव न्हाई घेत, मॅडम."

मला इतकी दया आली! म्हटलं कशाला छळायचं बिचारीला. "राहू दे, राहू दे. बाळासाहेब ना?"

मान हलली. मी फाइलवर टिक केली आणि पट्टी बांधायला तिचा हात हातात घेतला.

"थांब."

खिडकीतून मॅडम. मास्कच्या वर नुसता चष्मा दिसत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. टेबलावरच्या बाईकडे बघून एकदम शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुम्ही इंदुमती भास्कर देशपांडे ना?"

मृदे, इंदुमती देशपांडे नावाची कुणी पेशंटच नाही आमच्याकडे! माझ्या मनात काय आलं सांगू? गेल्या महिन्यात मॅडमचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. म्हटलं संपलं, वय झालं, आता डॉक्टरांना सांगावं लागणार.

आणि टेबलावरची बाई म्हणाली, "व्हय."

व्हय! मान हलवून! इंदुमती भास्कर देशपांडे!

मॅडमनी खिडकीची काच सरकवून बंद केली. मिनिटाभरात कपडे बदलून त्या ओटीत आल्या. कामाच्या मधे लॅब सोडून त्या कधीही बाहेर येत नाहीत, पाणी प्यायलासुद्धा नाही. एक स्टूल ओढलं, बाईच्या उशाशी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"बाई, मी आत्ता मुद्दाम चुकीचं नाव घेतलं. त्याची क्षमा मागते. आता कुणी तुमच्या वतीने बोलणार नाही. तुमचं पूर्ण नाव तुम्हीच सांगा. आम्हाला घाई नाही."

पूर्ण नाव म्हटलं की मधे नवरा येतोच ना! गाडी तिथे अडणार हे माहीत, म्हणून ती सुरूच करेना. तोंड उघडायची, मिटायची. डोळ्यांत पाणी. मी कोपऱ्यात फाइल छातीशी धरून उभी, मनात म्हणतेय, अहो मॅडम, ती घाबरलीय, सोडा ना आता, नाव आहे माझ्याकडे!

पाच मिनिटं झाली, दहा झाली. डॉक्टर प्रणितांनी दारातून डोकं आत घातलं. "मॅडम, काही अडचण?"

"अडचण नाही. आम्ही बोलतोय."

डॉक्टर गपचूप परत! मालकीण कोण आणि नोकर कोण, कळेना.

मग ती बाई कुजबुजली, "मॅडम, लई दाबलीय ओ."

"मग थोडी करून या. अर्धी."

तिने डोळे मोठे केले. "अर्धी? अर्धी कशी करायची?"

शकिला सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसायला लागली, मग मी, मग ती स्वतः, आणि हसताना तर अजूनच अवघड, त्यामुळे ती "हसवू नका ओ, हसवू नका" म्हणत टेबलावर पाय आखडून बसलेली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "धरते मी."

पण नाव? ते काही येईना.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीचं दार किलकिलं झालं. तिची सासू. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकवाची जागा रिकामी, आवाज मात्र भरदार. "पोरीला काय झालं? एवढा येळ का लागतोय?"

मॅडमनी सांगितलं, "काही झालं नाही. यांनी मालकांचं नाव त्यांच्या तोंडाने घ्यायला हवं. त्याशिवाय आम्ही पुढे जात नाही."

सासू थबकली. मला वाटलं आता ही ओरडणार. ती म्हणाली, "आमच्यात म्हनत्यात, नाव घेतलं की मालकाचं आयुष्य कमी हुतं." मग जरा थांबून, "मी जल्मभर न्हाई घेतलं. तरी म्हातारा साठीच्या आतच गेला. मग काय उपेग झाला?"

तिच्यामागून एका पुरुषाचा आवाज आला, "आई, काय चाललंय आत?"

"तू गप बस. तुझंच चाललंय." आणि सासू दारातूनच सुनेला म्हणाली, "आगं, उखान्यात घे की! उखान्यात घेतल्यावर कुठं काय हुतंय? लग्नात, पूजेत घेतलंसच की."

"आत्या, हितं कुठला उखाना घिऊ?" त्यांच्यात सासूला आत्या म्हणतात.

"सुचंल तो घे! सत्यनारायनाला कसा फटाफट घेतलास!"

मग मृदे, त्या बाईने डोळे मिटले. एक हात पोटावर, एक मॅडमच्या हातात. ओठ हलत होते, जुळवत होती. आणि एकदम खणखणीत आवाजात,

"तांब्याभर पाणी पिऊन टेबलावर आडवी झाली,
ज्ञानदेवरावांचं नाव घेते, बाळाला न्यायला आली!"

बाहेर नुसता हलकल्लोळ! सासूने टाळ्या वाजवल्या. हॉलमधल्या बायका हसल्या. आणि तो नवरा, तो ज्ञानदेव, "आई, काय म्हणाली? परत म्हणायला लाव की एकदा!" म्हणून दाराशी आलेला, सासूने त्याला मागे ढकललं. लग्नाला नऊ वर्षं झालीत त्यांच्या. मला त्याचा नुसता आवाज ऐकू येत होता, पण तो आवाज लाजला होता, शपथ सांगते.

शकिला सिस्टर डोळे पुसत हसत होती. मीही हसत होते. आणि हसता हसता माझी नजर हातातल्या फाइलवर गेली.

रंजना बाळासाहेब कोळेकर.

ज्ञानदेव?

मृदे, सगळं जग हसत होतं आणि मी टेबलावरची यादी ओढली. तीन नंबर, रंजना बाळासाहेब कोळेकर. पाच नंबर, पद्मिनी ज्ञानदेव कोळेकर. एकच गाव, एकच आडनाव, एकाच जीपमधून आलेल्या चुलत जावा. नंतर कळलं, सिस्टरने नुसतं 'कोळेकर' म्हटलं, तेव्हा रंजना पाणी प्यायला बाहेर गेली होती, आणि पद्मिनीच्या सासूने "आपलं नाव पुकारलं, ऊठ" म्हणून सुनेला पुढे ढकललं. आणि मी रंजनाची फाइल, रंजनाच्या नावाची पट्टी घेऊन पद्मिनीच्या मनगटाशी उभी होते. मॅडमचं 'थांब' आलं नसतं तर आत रंजनाचा गर्भ ठेवलेल्या इनक्युबेटरचं दार उघडलं असतं.

कळतंय का तुला? एकीचं बाळ दुसरीच्या पोटात. आणि तेही एकाच गावात, शेजारी-शेजारी घरांत वाढलं असतं, कुणाला कधी कळलंही नसतं कदाचित. किंवा कळलं असतं. कुठलं वाईट, मला ठरवता येत नाही.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं. एक क्षण त्यांनीही डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ऋजुता, फाइल बदल. हात धू. आणि पहिल्यापासून विचार."

बस. एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही.

मी हात धुतले. नवी फाइल घेतली. टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"पद्मिनी ज्ञानदेव कोळेकर," ती म्हणाली. सरळ, एका दमात. मग स्वतःच हसली. "आता काय, एकदा घेतलंच की."

मॅडम खिडकीत परत गेल्या, आतून तेच नाव वाचलं. पट्टी बांधली. दार उघडलं. डॉक्टर आल्या, ज्ञानदेवला आत घेतलं, त्यालाही बायकोचं पूर्ण नाव सांगायला लावलं. तो म्हणाला, "सांगतो की, मला कुठं बंदी हाय!" पाच मिनिटांत झालं. स्क्रीनवर तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा ठिपका हलकेच येऊन थांबला. त्यांना वचन कुणी दिलं नाही, आमच्याकडे कुणालाच देत नाहीत. पंधरा दिवसांनी कळेल, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. तरी तो माणूस त्या ठिपक्याकडे असा बघत होता की मला बाहेर जावंसं वाटलं. आणि पद्मिनी? तिला डॉक्टर म्हणाल्या, आता उठलात तरी चालेल. ती बाथरूमकडे जाताना ओरडली, "आता अर्धी न्हाई, समदी!"

मग रंजनाला घेतलं. तोवर हॉलमध्ये सगळ्यांना उखाण्याचं कळलेलं. ही बाई माझ्याहून चपळ. मी 'पूर्ण नाव सांगा' म्हणेपर्यंत तयारच,

"पहाटे गाव सोडलं, जीपमध्ये खाल्ले धक्के,
बाळासाहेबांचं नाव घेते, कागद करा पक्के!"

चौथ्या नंबरची बाई तर शहरातली, बँकेत नोकरीला, नवऱ्याला नावाने हाक मारणारी. तीही म्हणाली, मीसुद्धा उखाण्यात घेणार! ओटी आहे की हळदीकुंकू, काही कळेना.

सगळं आटपल्यावर मी पँट्रीत जाऊन रडले. धारूरकर मॅडम आल्या, चहाचे दोन कप ठेवले आणि समोर बसल्या.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला आधीच कळलं होतं ना, की फाइल चुकलीय?"

"नाही. मला काहीच कळलं नव्हतं."

"मग थांबवलं कशावरून?"

आता ऐक हं, हेच ते गुरूंचं भाषण. मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय. त्या म्हणाल्या, "संशय आल्यावर कुणीही विचारतं, ऋजुता. त्याला शहाणपण लागत नाही. संशय नसताना विचारायचं, यासाठी पद्धत लागते. तू माझी पाटी बाजूला सारून दया केलीस. पण त्या बाईला तुझी दया नको होती, तिला तिचं बाळ हवं होतं. आणि एक लक्षात ठेव. घाबरलेल्या माणसाचा 'हो' हे उत्तर समजू नये. तो आपल्याला केलेला नमस्कार असतो. तिने तुला नमस्कार केला आणि तू त्याची सही धरलीस."

मी विचारलं, "आणि इंदुमती देशपांडे कोण?"

"माझ्या मावशीची शेजारीण. फार भांडकुदळ. तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली असती तर तिने ओटी डोक्यावर घेतली असती." आणि चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "आता जा. बाहेर दोन्ही कुटुंबं बसलीत. त्यांना सांगून ये."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

"पण मॅडम, झालं तर काहीच नाही ना!"

"झालं नाही, हे त्यांना आपल्या तोंडून कळू दे. मी सोबत येते. बोलायचं तू."

मृदे, ओटीपासून हॉलपर्यंत वीस पावलं असतील. मला वाटलं मी नागपूरला चालत जातेय. दोघींना, नवऱ्यांना, सासवांना एका खोलीत बसवलं आणि मी सगळं सांगितलं. सिस्टरने आडनावच पुकारलं, हे सांगितलं. पण मुख्य चूक माझी, मी नाव विचारायच्या ऐवजी सांगितलं, हेही सांगितलं.

बाळासाहेब भडकले, आणि बरोबरच होतं ते. म्हणाले, हे सगळं लेखी द्या. डॉक्टर प्रणितांनी तिथल्या तिथे लिहून सही करून दिलं, आणि उद्यापासून नुसत्या आडनावाने हाक मारायची नाही, प्रत्येकीला जागेवर जाऊन पूर्ण नाव विचारायचं, हेही त्याच कागदावर लिहिलं. शनिवारी आमच्याकडे सगळा स्टाफ आठवड्याच्या चुका उभ्याने सांगतो, कुणाला ओरडत नाहीत, नुसतं पुढे काय करायचं ते ठरवतात. या शनिवारी पहिला नंबर माझा.

मी पद्मिनीला विचारलं, "ताई, मी तुम्हाला रंजना म्हटलं, मॅडमनी इंदुमती म्हटलं. तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

ती म्हणाली, "तुमी शिकलेली मानसं. तुमाला कसं न्हाई म्हनायचं?" मग पदराशी चाळा करत, "आन लग्नात बी माझं नाव बदललं की. म्हायेरी मी सुमन. तवा बी मला कुनी इचारलं न्हवतं. तवा बी मान हालवली. म्हनलं, मोठ्या दवाखान्यात बी तशीच पद्धत असंल."

"आणि बाळासाहेब?"

"मला वाटलं, हितं समद्यांच्याच मालकाला मान म्हनून बाळासाहेब म्हनत असतील."

यावर रागावलेले बाळासाहेबसुद्धा हसले. ज्ञानदेव मात्र हसला नाही. तो बायकोकडे बघत म्हणाला, "म्हंजी, हिनं माझं नाव घेतलं, म्हणून..." आणि पुढचं वाक्य त्याने पुरं केलंच नाही.

पद्मिनीच्या सासूने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "लई मोठी चूक केलतीस, पोरी."

"हो आजी."

"व्हय नगो म्हनूस नुसतं. परत करशील का, ते सांग."

"नाही करणार."

"मग बस हितं." आणि तिने फडकं सोडलं. कडक ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कांदा. माझ्या हातात चतकोर भाकरी ठेवत म्हणाली, "तोंड बघ कसं झालंय तुझं. खा आधी."

मी खाल्ली. रडत रडत, नाकात पाणी, तोंडात चटणीचा ठसका, समोर दोन्ही कोळेकरणी खिदळतायत, धारूरकर मॅडम कांद्याचा वास सहन करत दाराशी उभ्या, याच विचारात, की आता या सगळ्यांना हात धुवायला लावायचे कसे.

संध्याकाळपासून एकच विचार डोक्यात घोळतोय. मी पद्मिनीला हसू शकत नाही. गेल्या वर्षी दाताच्या डॉक्टरांनी 'बधिर झालं ना?' विचारलं, झालं नव्हतं, तरी मी खुर्चीत आडवी पडून मान हलवलीच होती. इंग्रजी शाळेत शिकलेली, एमएस्सी झालेली मी.

म्हणून तुला विचारतेय, खरं खरं सांग. तू त्या टेबलावर असतीस, डोक्यावर टोपी, पोट तट्ट फुगलेलं, नऊ वर्षांची वाट बघून तो एक दिवस उगवलेला, आणि एक हसरी पोरगी इतक्या मायेने तुला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारतेय. मृदे, तू काय केलं असतंस?